डाव्या पायाची चूक

श्रावणदादा गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला, तेव्हा मी सातवीच्या वर्गात उष्णतेचा धडा शिकवत होतो. हेडमास्तर स्वतः वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. ते स्वतः येतात म्हणजे बातमी कसली असते, हे उमरेडच्या आमच्या शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मी फळ्यावरचं अर्धवट वाक्य पुरं केलं, खडू ठेवला, हात झटकले आणि मगच बाहेर गेलो. नागपूरची एसटी मिळायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मला रडू आलं नाही. घरी पोचल्यावर मोठ्या भावाच्या पाया पडायचं आहे, आणि त्यातल्या डाव्या पायाची क्षमा आपण कधीच मागितली नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं...

त्याला जाऊन आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी निरोप धाडला की भावाच्या आजाराबद्दल लिहा, लोकांना त्याची माहिती नाही. खरं आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव आमच्या गल्लीत आजही कुणाच्या जिभेवर बसत नाही. ‘श्रावणभाऊचा मल्टीवाला आजार’ असं म्हणतात आणि मोकळे होतात. मी विज्ञानाचा मास्तर, तेव्हा मला ही माहिती आधी कळली असेल असं वाचकांना वाटेल. मला ती सगळ्यात शेवटी कळली. चौथी शिकलेल्या माझ्या भावाला ती आधी कळली होती, आणि ती त्यानं कशी मिळवली हे आठवलं की आजही मी थक्क होतो.

तो माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे मला शिकवणं आणि माझे कान पिळणं अशी दोन्ही खाती त्याच्याकडे आली, आणि दुसरं खातं त्यानं जरा जास्तच मन लावून चालवलं. नागपुरात टिमकीच्या अलीकडे विणकरांच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली मागाची. खड्ड्याचा माग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो आणि पाय आत सोडतो. तळाशी दोन पावड्या असतात. डावी दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे, अर्धे धागे वर येतात, उजवी दाबली की उरलेले अर्धे, आणि मधल्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. डावा, उजवा, डावा, उजवा... दिवसभर. हात सगळ्यांना दिसतात, पण कापड पाय विणतात, असं दादा म्हणायचा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मागावरून उठताना ताणा सैल करून उठायचं असतं. तो तसाच ताणलेला ठेवून उठलं, की पुन्हा बसल्यावर त्या जागी कापडात एक बारीक आडवी रेघ उमटते आणि ती कितीही धुतली तरी जात नाही. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, विणकराला दिसते. दादाच्या लुगड्यात अशी रेघ गल्लीत कुणाला कधी सापडली नव्हती.

आजाराची पहिली खूण डोळ्यात आली. साठ सालानंतरची दोनतीन वर्षं उलटली असतील. विणकरांच्या सोसायटीतून पदरासाठी आणलेलं लाल सूत घेऊन दादा परत गेला आणि मुनीमजींशी भांडला. ‘‘हा लाल फिका हाय. मले पक्का लाल पायजे.’’ मुनीमजी म्हणाले, ‘‘कालचंच सूत हाय गा श्रावणभाऊ, एकाच गाठोड्यातलं.’’ दादा ऐकेना. त्यानं दुसरं, चांगलं गडद सूत उचललं आणि पदर पुरा केला. लुगडं उलगडलं तेव्हा पदराचा एक पट्टा लाल आणि पुढचे दोन वांग्याच्या सालीसारखे. सोसायटीनं ते परत केलं. घरातलं खोटं कापड घरातच नेसायचं हा आमच्या गल्लीचा रिवाज, म्हणून ते कौशल्यावहिनीच्या वाट्याला आलं. पण दादा गप्प बसणारा नव्हता. तो अंगणात सुताची लाल लड समोर धरून बसला आणि एकदा हा डोळा झाकून, एकदा तो डोळा झाकून बघत राहिला. मग वहिनीला म्हणाला, ‘‘उजवा झाकला तं फिका दिसते, डावा झाकला तं लाल. सूत तं एकच हाय वं. म्हंजे खोट सुतात नाही, माह्या डाव्या डोळ्यात हाय.’’ दुसऱ्या दिवशी तो मुनीमजींकडे गेला आणि सगळ्यांसमोर चूक कबूल करून आला. महिना-दीड महिन्यात लाल पुन्हा लाल झाला आणि सगळे ते विसरले. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, याला प्रयोग म्हणतात. मी तो मुलांना पाठ करायला लावतो आणि मुलं तो परीक्षेनंतर विसरतात.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यानं जाहीर केलं, की माग करंट मारून राहिला. लाकडाचा माग! त्या खोलीत वीजच नव्हती, कंदील होता. गल्लीला हसायला निमित्त मिळालं. ‘श्रावणभाऊचा माग बिजलीवर चालते’ असं पोरंसोरं ओरडायची. मी नुकताच मास्तर झालो होतो आणि नव्या मास्तराइतका असह्य माणूस दुसरा नसतो. लाकूड हे विजेचं दुर्वाहक कसं, ते मी त्याला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. त्यानं सगळं मुकाट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘तुहं बरोबर असंन रघू. पण मी मान खाली घातली का पाठीतून पायापर्यंत मारते, वर केली का नाही मारत. मंग करंट लाकडात नसंन, मानंत असंन.’’ मीही हसलो. माझं हसणं गल्लीपेक्षा वाईट होतं, कारण मी शिकून हसलो होतो.

मग डावा पाय. एका उन्हाळ्यात त्याच्या कापडात चुका दिसू लागल्या. कुठे धागा वर यायचाच नाही, धोटा त्याच्यावरून निघून जायचा आणि कापडावर लोंबता टाका राही. पावसाळ्यात सगळं आपोआप नीट झालं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि या वेळी चालही बिघडली. सकाळी तो ठीक असायचा. दुपारी ऊन चढलं की पाय लटपटायचे आणि बोलताना जीभ जड व्हायची. आमच्या गल्लीला माणसाची नाडी बघता येत नाही, कापड बघता येतं. माणूस दारूला लागला की तोंडाला वास यायच्या आधी त्याच्या कापडात दिसतं, असं तिथलं शास्त्र. शास्त्र तसं खोटं नव्हतं. पायाची चूक त्यांनी अचूक ओळखली होती. कारण मात्र त्यांना एकच माहीत होतं. ‘लाल फिका हाय’, ‘माग करंट मारते’, असल्या जुन्या गोष्टीही मग लोकांना आठवल्या. हा तेव्हापासूनच पीत असला पाहिजे, असं ठरलं. सोसायटीनं त्याला बारीक सूत देणं बंद केलं. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या, ओळीनं तीन वर्षं गल्लीतलं सगळ्यात चोख लुगडं विणणाऱ्या माणसाचं नाव ‘टाइट भाऊ’ पडलं.

ते नाव मी ऐकलं एसटीत, उमरेडच्या एका विणकराच्या तोंडून. श्रावणदादा माझा भाऊ आहे हे त्या माणसाला माहीत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि येणाऱ्या रविवारी पहिल्या गाडीनं नागपूरला गेलो. दादा मागावर होता. वहिनी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मी मुलांना ज्या आवाजात बाकावर उभं करतो त्या आवाजात म्हणालो, ‘‘दादा, उठ. बाहेर ये.’’ त्यानं वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तो तसाच उठला. खड्ड्यातून निघताना डावा पाय पावडीत अडकला, तो झोकांडला आणि त्यानं भिंत धरली. एवढं मला पुरलं. मी पुढे झालो, चौदा वर्षांनी मोठ्या भावाची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड हुंगलं.

चहाचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता.

तो हलला नाही. मी हनुवटी सोडल्यावर म्हणाला, ‘‘झालं?’’ मग भिंत सोडून, ‘‘पिलेला माणूस दोन्ही पायानं चुकते रघू. माह्या चुका पाह्य कधी. साऱ्या डाव्या पायाच्या हायेत. उजव्याची एक दाखव मले.’’ वहिनीच्या हातातली कांडी तशीच राहिली होती. मी म्हणालो, ‘‘दारुड्याची वकिली मला शिकवू नकोस.’’ वास लपवायला वेलदोडा खाल्ला असेल, असं मनाशी म्हणत मी आलो त्या पावली परत गेलो. त्याचं ते वाक्य इतकं सरळ होतं की गणितात असतं तर मी फळ्यावर लिहून त्याला पूर्ण गुण दिले असते. भावाच्या तोंडून आलं म्हणून मला ते ऐकू आलं नाही.

पुढची तीनेक वर्षं मी सणावारापुरता जात राहिलो. दादानं त्या रविवारच्या आधीच आणखी एक शोध लावला होता, तो मला त्या वर्षांत कधीतरी वहिनीकडून कळला. पायातला वात काढायला एक मालीशवाला यायचा आणि वाफेचा शेक द्यायचा. शेकानंतर दादाला उभंच राहता येत नसे. मालीशवाला म्हणे, ‘‘वात निघून राहिला, भाऊ.’’ आठ दिवसांनी दादानं त्याला हात जोडले. गरम पाण्याची अंघोळ सोडली. खड्ड्यात ओलं पोतं अंथरलं, पाय त्यावर ठेवले, आणि पहाटेच्या गारव्यात विणायला बसू लागला. त्या वेळात डावा पाय ऐकायचा. नागपूरच्या मे महिन्यात ज्याला त्याला गारवा हवाच असतो, त्यामुळे यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटलं नाही. त्याला वाटलं. ‘‘पाय मेला नाही वं, ऊन लागलं का झोपते,’’ असं त्यानं वहिनीला सांगितलं होतं.

मग एक मोठा झटका आला. दोन्ही पाय गेले, लघवी अडली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. वहिनीनं मला बोलावून घेतलं आणि आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथेही आधी कुणी लकवा म्हटलं, कुणी मनाचा आजार म्हटलं. चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आले. परदेशात शिकून आलेले, आवाज हळू, नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळपायावर किल्ली ओढली, घोट्यावर थरथरता नादकाटा टेकवून विचारलं, कळतं का. मग म्हणाले, ‘‘मान खाली घाला. आणखी. काही होतं?’’

दादानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘‘करंट मारते.’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘बरोबर.’’

फक्त एवढंच. पण हा शब्द त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हटला होता. तो उशीवर डोकं टेकून छताकडे बघत राहिला, आणि मी खाटेच्या पायथ्याशी उभा असताना माझे कान तापले. डॉक्टर पुढे म्हणाले, ‘‘मला एका आजाराची शंका आहे. पण नुसत्या आजच्या त्रासावरून नाव देता येत नाही. असं काही आधी होऊन गेलं आहे का? वेगवेगळ्या वेळी आणि शरीरात वेगवेगळ्या जागी? मला क्रमानं हवं, कधी काय झालं आणि किती दिवस टिकलं.’’

‘‘तारखा मले नाही सांगता येत साहेब,’’ दादा म्हणाला. ‘‘पण सारं हिच्या आंगावर हाय.’’

डॉक्टरांना काहीच कळेना. वहिनी लाजून अर्धी झाली. मग तिनं खांद्यावरचा पदर पुढे घेतला आणि खाटेवर पसरला. एक पट्टा लाल, दोन वांग्याच्या सालीसारखे.

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन आली. सोसायटीनं परत केलेली आणि वहिनीनं नेसून नेसून मऊ केलेली पाच लुगडी त्या लोखंडी खाटेवर एकावर एक उलगडली गेली. दादा पडल्या पडल्या बोलत होता आणि वहिनी साल सांगत होती. साल म्हणजे तिचं साल. ‘‘हे नेसून मी कुहीले लग्नाले गेली होती,’’ ‘‘हे नेसलं त्या साली तुमची बदली झाली होती भाऊजी.’’ पहिलं, डोळ्याचं. दुसऱ्यात दीड हातभर चुका, मग पुढे सगळं स्वच्छ. तिसऱ्यात चुका जास्त, स्वच्छ कापड कमी. चौथ्यात धोट्याची दोरी ओढणारा उजवा हात बधिर झालेला, किनार कुठे सैल तर कुठे आवळलेली. पाचव्यात चुका येतात त्या जातच नाहीत. ‘‘आनं हे पाह्य साहेब,’’ तो मधेच म्हणाला, ‘‘पायाच्या चुका एक सोडून एक धाग्यात हायेत. म्हंजे डाव्याच्याच. पिलेला असतो तं दोन्हीच्या असत्या.’’ डॉक्टर खाली वाकून एकेक टाका मोजत होते. बऱ्याच वेळानं ताठ झाले आणि म्हणाले, ‘‘श्रावणराव, पेशंट माझ्यासमोर आपला आजार विसरून येतात. तुम्ही तो विणून आणलात.’’ वॉर्डातल्या नर्सही पाहायला आल्या होत्या. मला आठवतं, मी त्या वेळी टेबलावरची पाण्याची सुरई उगाच इकडची तिकडे केली.

पाठीतून पाणी काढून तपासणी झाली आणि नाव नक्की झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते संपादकांच्या आग्रहाखातर इथं लिहितो. मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या प्रत्येक तंतूवर एक आवरण असतं. रोगराईशी लढणारी आपल्याच शरीरातली राखण कशी कोण जाणे वाट चुकते आणि ते आवरण कुरतडते. का, ते जगात अजून कुणाला नीट माहीत नाही. थंड देशांत हा जास्त दिसतो, आपल्याकडे विरळा, म्हणून आपल्या डॉक्टरांच्या चटकन ध्यानात येत नाही. तो शिवण्यानं लागत नाही, पापानं होत नाही आणि दारूनं तर नाहीच. बाधा जिथे होईल तसा त्रास. डोळ्याच्या तंतूला झाली की रंग फिके, मानेत झाली की करंट, आणखी खाली झाली की पाय. पुष्कळांत तो येतो आणि ओसरतो, पुन्हा येतो. काही वर्षांनी ओसरणं थांबतं आणि तो हळूहळू चढत राहतो. काहींत पहिल्या दिवसापासूनच चढता असतो. आणि आवरण गेलेल्या तंतूला उष्णता सोसत नाही. दादानं हे सगळं ऐकलं आणि म्हणाला, ‘‘म्हंजे धाग्याची खळ गेली.’’ डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ताण्याला विणण्याआधी खळ लावतात, ती गेली की चांगला धागाही घासून विरतो, हे मी सांगितलं. डॉक्टर चक्क खुर्ची ओढून बसले. दादानं विचारलं, ‘‘खळ पुन्हा चढते का साहेब?’’ ते म्हणाले, ‘‘थोडी चढते. म्हणून तर मधे मधे बरं वाटतं. पण पहिल्यासारखी नाही चढत, आणि चढवण्याचं औषध आमच्याजवळ नाही.’’ ‘‘बरं,’’ दादा म्हणाला. ‘‘मंग एक काम करा. एक कागद द्या. त्यात या बीमारीचं नाव लिवा, आनं खाली लिवा का हा माणूस पेत नाही.’’

पुन्हा चालता येईल का, हे त्यानं विचारलं नाही. कागद मागितला. डॉक्टरांनी तो लिहून दिला, वर इंग्रजीत, खाली मराठीत, सहीशिक्क्यासह. दादानं तो मागाच्या खोलीत खिळ्याला अडकवला. मुनीमजी येऊन वाचून गेले, डोळे पुसून गेले. ‘टाइट भाऊ’ हे नाव गल्लीनं गिळलं ते गिळलंच. मी माफी मागायची असं दवाखान्यातच ठरवलं होतं. एका दुपारी वहिनी नव्हती, मी घसा साफ केला आणि ‘‘दादा, त्या दिवशी...’’ एवढं म्हणालो. तो म्हणाला, ‘‘पानी दे गा थोडं.’’ मी पाणी दिलं. त्यानंतर दहा-बारा वर्षांत मला पुन्हा धीर झाला नाही.

त्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. पाय गेले, मग हात गेले. पण माग त्यानं खोलीतून हलवू दिला नाही. वहिनी विणायला शिकली आणि तो खाटेवरून तिला बोल लावत राहिला. बोटांची जाणीव गेली तेव्हा त्यानं नवीनच वाट काढली. कापड गालाला लावून पाहायचा. आधी वहिनीचं, मग हळूहळू गल्लीतलेच लोक आपापलं लुगडं सोसायटीत द्यायच्या आधी त्याच्याकडे आणू लागले. वहिनी कापडाची घडी त्याच्या गालावरून हळू सरकवायची, तो डोळे मिटून पडलेला असायचा आणि मधेच म्हणायचा, ‘‘थांब. इथी उजवा पाय हलका पडला.’’ हमखास तसंच असायचं. ज्यांनी त्याच्या पायावरून त्याला दारुडा ठरवलं, त्यांचे पाय तो गालानं तपासून देत होता, आणि त्याचं मोल म्हणून काही घेत नव्हता. मी कित्येकदा नुसता ते बघायला जायचो. या थंडीत छातीत कफ धरला आणि तीन दिवसांत तो गेला.

परवा वहिनीला भेटायला गेलो. खाट काढून टाकलेली, कागद खिळ्याला तसाच. वहिनीनं चहा दिला आणि मग पेटीतून एक लुगडं काढून माझ्यासमोर ठेवलं. हिरवं, लाल काठाचं, एकदाही न नेसलेलं. मी उलगडून पाहिलं. आता मलाही थोडं कळतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत डाव्या पायाची एक चूक नव्हती.

‘‘हे तं चोख आहे वहिनी. सोसायटीत काहून नाही दिलं?’’

‘‘द्याचंच होतं,’’ ती म्हणाली. ‘‘गल्ली बोलून राहिली होती ना, त्या वक्ताचं हाय. पहाटे पोतं ओलं करून बसत. म्हणत, हे एक लुगडं साफ निंगू दे, पहिले रघूले दाखवतो, मंग सोसायटीत देतो. तो शिकेल हाय, तो पाहीन तं त्याले समजंन...’’ तिनं लाल काठावरून हात फिरवला. ‘‘आनं तुम्ही आले त्या रविवारी.’’

मी चहाचा कप खाली ठेवला.

‘‘तुम्ही उठवलं तं तसेच उठले. ताणा सैल करनं राह्यलं. दिवसभर मंग बसलेच नाही मागावर. दुसऱ्या दिशी बसले आनं पुरं केलं. रेघ हाय तिथी.’’ तिनं पदराशी चाळा केला. ‘‘दवाखान्यात गाठोडं नेलं ना भाऊजी, त्यात मी हेही बांधणार होती. आदल्या दिशी दवाखान्यातच त्याईनं नाही म्हटलं. म्हणे, ही रेघ बीमारीची नाही. रघू तिथी उभा राहीन, त्याले दिसंन. राहू दे घरी.’’

मी लुगडं उजेडाकडे धरलं, बोट फिरवलं. मला काही सापडेना. विणकराच्या घरात जन्मलो, पण बोटं खडूचीच झालेली.

‘‘बोटाले नाही लागत ते,’’ वहिनी म्हणाली. ‘‘गालाले लावा.’’

मी चष्मा काढून ठेवला, कापड गालाला लावलं आणि हळूहळू सरकवत गेलो. अर्ध्यावर ती लागली. केसाएवढी. तिच्या अलीकडे त्याचे दोन्ही पाय बरोबर होते, आणि पलीकडेही.